कुशाबाचा उजवा हात

माणसाचा तिरस्कार कसा करावा हा विषय आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. तो मी महाड आणि पोलादपूरच्या मध्ये, हायवेला लागून असलेल्या एका पुनर्वसन केंद्रात इंटर्नशिप करता करता शिकले. शिकवणाऱ्याचं नाव कुशाबा, राहणार कुडपण. काही न घेता शिकवलं त्यानं, आणि अगदी मन लावून शिकवलं.

आधी माझं काम सांगते, कारण ते कुणालाच ठाऊक नसतं. मी ऑक्युपेशनल थेरपीवाली. मराठीत याला व्यवसायोपचार म्हणतात, आणि हे नाव ज्यानं ठेवलं त्याला मी एकदा गाठणार आहे. शेवटची परीक्षा देऊन महाडला घरी आले तेव्हा आत्यानं विचारलं, "श्रुतिका, म्हणजे तू लोकांना धंदा लावून देणार का गं?" नाही, आत्या. अर्धांगवायू झालेल्या माणसाला फिजिओथेरपीवाले उभं करतात, चालवतात. उभं राहिल्यावर त्यानं पुढं करायचं काय, ते आम्ही बघतो. शर्टाचं बटण लावायचं, भाकरीचा तुकडा मोडायचा, डोक्यावर तांब्या ओतून घ्यायचा, संडासला जाऊन आपलं आपण धुवायचं. माणसाची अब्रू ज्या बारीकसारीक कामांवर टिकून असते ती कामं त्याला परत करता यावीत, एवढंच आमचं काम असतं.

केंद्रात मला सगळे मालिशवाली म्हणायचे. माझ्याबरोबरचा इंटर्न विनीत गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून हिंडायचा. आमच्या कामात त्याचा काडीचा उपयोग नाही, पण त्यामुळे तो डॉक्टरसाहेब झाला आणि मी मालिशवालीच राहिले. ट्रस्टचे विश्वस्त पाहुण्यांना घेऊन यायचे. पाहुणे आले की पक्षाघाताच्या पेशंटांना एका रांगेत बसवून त्यांच्यापुढं रंगीत प्लास्टिकच्या वाट्या ठेवायच्या, त्यांनी त्या एकावर एक रचायच्या आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवून फोटो काढायचे. पन्नाशी ओलांडलेली, लेकरं-नातवंडं असलेली माणसं ती. त्यांच्यापुढं टाळ्या वाजवणाऱ्यांना मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते लिहिण्याजोगं नाही. तरी त्या सगळ्यांना एका पारड्यात घातलं आणि दुसऱ्यात एकटा कुशाबा बसवला, तर कुशाबाचंच पारडं खाली गेलं असतं.

कुशाबाला झटका आला तो भरदुपारी, जेवून उठल्यावर. उजवी बाजू गेली. मुलगा सुनील मुंबईहून धावत आला, चार दिवस दवाखान्यात बसला, मग बापाला आमच्या केंद्रात पोचवून आणि आईला त्याच्या उशाशी बसवून परत गेला. केंद्राचा नियमच होता तसा. पेशंटबरोबर घरातलं एक माणूस राहिलं पाहिजे. तर साळूबाई राहिली. किरकोळ अंगाची, सावळी बाई, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला. बोलायची कमी आणि बसायची त्याहून कमी.

पाय लवकर सुधारला. दीड-दोन महिन्यांत कुशाबा काठी टेकत व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागला. हात मात्र गळ्यातल्या पट्टीत. खांद्यावर भार येऊ नये म्हणून सुरुवातीला आम्हीच दिली होती ती पट्टी. ती काढायची वेळ झाली तरी त्यानं काढली नाही.

"डेड हाय मॅडम," तो सांगायचा. "हँड टोटल डेड. आता काय जमायचा नाय."

हे इंग्रजी त्यानं मुंबईत कमावलेलं. फोर्टातल्या एका कचेरीत तो सगळी उमर शिपाई होता. साहेबाची बेल वाजली की उठायचं, चहा न्यायचा, फाईल न्यायची, पंखा लावायचा, पंखा बंद करायचा. माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या बेलवर उठला-बसला याचं मला वाईट वाटलं असतं. पण आमच्याकडे प्रत्येक खाटेला बेल आहे, आणि कुशाबानं ती बेल पाहिली त्या दिवसापासून तो स्वतःच साहेब झाला. आया-मावशींसाठी असलेली बेल तो बायकोसाठी वाजवायचा. साळूबाई मोरीत त्याचे कपडे धूत असायची आणि इकडे बेल. धावत यावं तर काय, उशी सरकवायची. परत बेल. माशी बसली.

"अवो, माशी डाव्या हातानं हाकला की," ती एकदा म्हणाली.

"मग तू कशाला हायस गो?" तो म्हणाला, आणि शेजारच्या खाटेवरच्याकडे बघून हसला.

मला त्या हसण्याची किळस आली. पुढं कुशाबाविषयी मला जे काही वाटलं त्याची सुरुवात त्या हसण्यापासून आहे.

जेवणाची वेळ म्हणजे तर सोहळाच. तो मांडी घालून खाटेवर बसायचा, साळूबाई समोर उभी राहून एकेक घास भरवायची. भात जरा गरम असला की तोंड वाकडं. माशाचा काटा राहिला की शिवी. तो जेवून झाला, तोंड पुसून झालं, की ती खाली फरशीवर बसून उरलेलं गार जेवायची. आमच्या शास्त्रात भरवणं हे औषधाच्या उलट आहे. जे माणसाला थोडंफार येतंय ते तुम्ही त्याच्यासाठी केलंत की ते तो कायमचा विसरतो. मी साळूबाईला बाजूला घेऊन हे सांगितलं.

"खरं हाय बाय तुझं," ती म्हणाली. "पन नवरा उपाशी ठेवू? लोक काय म्हनतील?"

मग मी दुसरा मार्ग काढला. म्हटलं, उजवा येईल तेव्हा येईल, तोवर डाव्या हातानं जेवा. चमचा जाड मुठीचा दिला, ताटाला एका बाजूनं कड लावून दिली, म्हणजे भात बाहेर सांडणार नाही. मोठ्या उत्साहानं सगळं मांडलं. कुशाबानं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा आवाज लावला.

"डाव्या हातानं घास? देवाधर्माचा माणूस हाय मी. ज्या हातानं धुवायचं त्या हातानं अन्नाला शिवू? मेलो तरी नाय होनार ते माझ्याच्यानं!"

वॉर्डातल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मी पोरगी, शहरात शिकून आलेली, मला रीतभात कशी ठाऊक असणार! मी दोन खाटा पलीकडे बोट दाखवलं. तिथं भागोजी नावाचे गृहस्थ डाव्या हातानं निमूट आमटी-भात खात होते. भागोजींनी वर पाहिलं आणि म्हणाले, "पोटाला काय कळतंय उजवं-डावं?" पण त्यांचं ऐकतो कोण! कुशाबाचा धर्म जिंकला आणि साळूबाईनं घास उचलला.

माझा संशय कधीपासूनचा म्हणाल तर चुन्यापासूनचा. मी त्याचा उजवा हात हातात घेऊन बोटं एकेक उघडत होते. हात मेलेल्या माणसाची बोटं आखडलेली तरी असतात किंवा लुळी तरी. याची बोटं ताठ होती, पण ज्या क्षणी मी उघडायला जाई त्याच क्षणी ताठ होत. आणि अंगठ्याच्या नखाखाली पांढरा चुना होता. तंबाखू मळायला एक तळवा लागतो आणि दुसऱ्या हाताचा अंगठा लागतो. डाव्या तळव्यावर तंबाखू मळणारा हा उजवा अंगठा कुणाचा, असं मी विचारलं नाही. मी थेट आमच्या वरिष्ठ अमितामॅडमकडे गेले.

अमितामॅडम पंधराएक वर्षं या कामात आहेत. त्या कशानंच दचकत नाहीत. "हात आलाय त्याचा बऱ्यापैकी," त्या म्हणाल्या. "मलाही दिसतंय. पण पेशंटला खोटारडा म्हणायचं नसतं, श्रुतिका. न वापरायची सवय लागते माणसाला."

"सवय नाही मॅडम, चैन लागली आहे."

"झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. वाट बघ."

वाट बघायला माझी हरकत नव्हती. पण बिरवाडीला एक जण वाट बघत होतं, आणि तिच्याकडे तेवढा वेळ नव्हता.

बिरवाडीला कुशाबाची मुलगी गौतमी. तिचा नवरा अक्षय एमआयडीसीत कामाला, पाळ्यांची नोकरी, चाळीत एक भाड्याची खोली. गौतमीला सातवा संपून आठवा लागला होता. पायांना सूज, रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पडून राहा, जड उचलू नका, एकट्या राहू नका. आधीचं मूल तिचं याच दिवसांत गेलं होतं, एकटी असताना, हंडा उचलताना. सासू नव्हती. आईनं येऊन राहावं एवढंच तिचं मागणं होतं. आणि ही आई आमच्या केंद्रात, रिक्षात बसलं तर चहा निवायच्या आत पोचेल एवढ्या अंतरावर, नवऱ्याच्या नाकावरची माशी हाकलत होती.

साळूबाईचा छोटा फोन होता, तो ती कमरेला खोचून ठेवायची. फोन वाजला की व्हरांड्याच्या कोपऱ्यात जाऊन बोलायची. "काय करू गो बाय, तुझ्या बापाचा हातच उठत नाय," एवढं एक वाक्य मला कितीदा तरी ऐकू आलं. एकदा ती फोन ठेवून तशीच खांबाला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, मी बोलते त्यांच्याशी.

मी बोलले. अगदी गोड बोलले. गौतमीचं सगळं त्याला माहीत होतंच, तरी परत सांगितलं. म्हटलं, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, आम्ही आहोत ना इथं.

"पोरी काय, बाळंत होतातच," कुशाबा म्हणाला. "तिचा नवरा हाय ना? त्याची जबाबदारी. आनि हिला धाडली तर मला भरवनार कोन? तू, मालिशवाली?"

मी तिथून उठून साहित्याच्या खोलीत गेले आणि राजमा निवडायला घेतला. बोटांच्या व्यायामासाठी राजमा आणि वाटाणे मिसळून ठेवतो आम्ही, पेशंटनं ते वेगळे करायचे असतात. मी सगळे वेगळे केले आणि सगळे पुन्हा मिसळले. स्वतःची मुलगी! विनीतनं येऊन विचारलं, काय झालं, तर मी त्याला त्याच्या स्टेथोस्कोपसकट बाहेर घालवलं.

मग केंद्राचा वर्धापनदिन आला. दरवर्षी त्या दिवशी हॉलमध्ये सत्यनारायण असतो आणि मग सगळ्यांना जेवण. विश्वस्त सपत्नीक पूजेला बसतात, सोवळं नेसून, पण हातात घड्याळ तसंच. पेशंटांना आंघोळी घालून, नवे कपडे चढवून, रांगेनं बसवायचं काम इंटर्नांचं. कुशाबाला साळूबाईनं पांढरा शर्ट घातला. शर्ट घालायचा म्हणून पट्टी काढली आणि ती खाटेवरच राहिली. हात त्यानं मांडीवर ठेवला, मेलेल्या सशासारखा, सगळ्यांना दिसेल असा.

कथा झाली, आरती झाली. कुशाबा देवाधर्माचा माणूस खराच. त्या कथेत तो रंगून गेला होता, डोळे मिटून, ओठ हलवत. त्याचं ढोंग फक्त माणसांपुढं होतं, देवापुढं करायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नसावं. मग भटजी पळी-पंचपात्र घेऊन तीर्थ द्यायला निघाले. भागोजींनी डावा हात पुढं केला. भटजी क्षणभर थांबले, "असू दे, चालतं," म्हणाले आणि डाव्यावर तीर्थ घातलं. पुढच्या बाईचंही तसंच. मग भटजी कुशाबासमोर आले.

आणि उजवा हात उठला.

कोणी उठवला नाही, मी नाही, माझ्या शास्त्रानंही नाही. लहानपणापासून तीर्थ घेताना जसा उठत आला तसा उठला. तळवा वर, बोटं जुळलेली, मधोमध नीट खळगा, खाली आधाराला डावा हात. पळीतलं तीर्थ त्या खळग्यात पडलं. हात तोंडाशी गेला, एक थेंब सांडला नाही. तीर्थ पिऊन झाल्यावर ओला तळवा डोळ्यांवरून, मग डोक्यावरून फिरला आणि मानेपर्यंत गेला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते, तळव्यात पाणी धरून तोंडापर्यंत नेणं ही हाताची फार अवघड परीक्षा आहे. मनगट, कोपर, खांदा, बोटं, सगळी एकत्र आणि सगळी आपापल्या मापात चालावी लागतात. आमच्या यादीतली सगळ्यात कठीण कसोटी कुशाबा पैकीच्या पैकी गुण घेऊन पास झाला होता, आणि त्याला स्वतःलाच पत्ता नव्हता.

भटजींच्या मागून साळूबाई येत होती. प्रसादाच्या शिऱ्याचे द्रोण वाटायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. तिनं सगळं पाहिलं. त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि अजून पुढंच असलेल्या त्या उजव्या हातात द्रोण ठेवला. हातानं तो धरला. अंगठा आणि दोन बोटं, अगदी हवा तेवढाच जोर.

कुशाबानं डोळे उघडले. समोर बायको, बायकोच्या मागं मी. त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं. त्या वेळी तो म्हणू शकला असता की देवानं हात दिला. सगळ्या हॉलनं ते मानलं असतं, विश्वस्तांनी तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी दिली असती. मीसुद्धा गप्प बसले असते. सोंग संपवायला इतकी सोपी, इतकी अब्रूदार वाट क्वचित कुणाला मिळते.

पण मग उशी कोण सरकवणार?

त्यानं हात सैल सोडला. मुद्दाम. मी बोटं बघत होते, ती एकामागून एक उघडली. द्रोण उलटा पडला, शिरा फरशीवर सांडला. "आई गं," कुशाबा कण्हला, "गेला गो, परत गेला हात."

साळूबाई खाली बसली. प्रसाद पायदळी जाऊ नये म्हणून तिनं एकेक कण बोटांनी टिपून पदरात घेतला. सगळा टिपून झाला तेव्हा ती बसल्या बसल्याच म्हणाली, "परसाद सांडला तुमी."

बास, एवढंच. नवऱ्यानं आपल्याला फसवलं हे तिनं बहुधा गिळलं असतं, आजवर काय थोडं गिळलं होतं! लेकीचं दुःखही तिनं दाबून ठेवलं होतं. पण प्रसाद हातानं सोडून दिला, जाणूनबुजून, हे तिच्या पचनी पडणारं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला ओळखू आलं, कारण इतके दिवस ते माझ्या चेहऱ्यावर होतं. फक्त तिचं जुनं आणि मुरलेलं होतं.

जेवणाची पंगत बसली. साळूबाईनं दोन ताटं आणली. एक कुशाबापुढं ठेवलं, त्याच्या उजव्या हाताला. दुसरं घेऊन ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली, आणि जेवू लागली. नवऱ्याच्या आधी. भात, वरण, भाजी, पुरी, सगळं सावकाश, चावून चावून. कुशाबा वाट बघत राहिला. आधी खाकरला, मग "ए गो" म्हणाला, मग आजूबाजूला बघून कसनुसं हसला. ती जेवतच होती. मला वाटतं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ती गरम जेवत होती. ताट पुसून स्वच्छ झाल्यावर ती उठली, हात धुतले, खाटेखालची पिशवी घेतली आणि माझ्याकडे आली.

"बाय, मी बिरवाडीला जाते."

"जा," मी म्हणाले.

"गो साळू!" मागून कुशाबा ओरडला. "अगो, माझं जेवान?"

"हात हाय ना? मग जेवा," ती म्हणाली, आणि मागं वळून न बघता फाटकाबाहेर जाऊन रिक्षाला हात केला. नियमाचं काय ते अमितामॅडमनी बघून घेतलं.

त्यानंतर कुशाबानं उपोषण मांडलं. ते ताट तसंच परत गेलं, संध्याकाळचंही गेलं. माणसं हक्कांसाठी उपोषणं करतात. हा दुसऱ्यानं भरवावं म्हणून उपाशी बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोह्यांची बशी त्याच्यापुढं ठेवली आणि पाठ फिरवून बेसिनमध्ये बोटांच्या व्यायामाचे चिमटे धूत बसले. थोड्या वेळानं मागं चमच्याचा आवाज सुरू झाला. चांगला भराभर. मी वळले तेव्हा बशी रिकामी होती, हात पट्टीत होता आणि उजव्या मिशीला खोबरं लागलेलं होतं.

"कोणी भरवलं?" मी विचारलं.

"मावशी येऊन गेली," तो म्हणाला. मावशी त्या दिवशी रजेवर होती.

पुढं असंच चालत राहिलं. मी पाठ फिरवायची, त्यानं जेवायचं. थेरपिस्टनं पाठ फिरवून बसणं हा उपचार कुठल्या पुस्तकात नाही, पण हात त्यामुळेच झकास सुधारला. शेवटी अमितामॅडमनी त्याला घरी सोडलं आणि भाऊ मालोजी येऊन त्याला कुडपणला घेऊन गेला. जाताना कुशाबा मला म्हणाला, "तुमच्याकडून काय फायदा नाय झाला, मॅडम." मी म्हटलं, काळजी घ्या.

साळूबाई लेकीजवळ राहिली. गौतमीचे दिवस भरले आणि मुलगी झाली, महाडला, सुखरूप. फोनवर साळूबाई आधी हसली मग रडली, आणि बारशाला यायचंच म्हणाली. मी गेले.

बिरवाडीच्या त्या चाळीत खोली एवढीशी. आत पाळणा, पाळण्याभोवती बायका, बाहेर गॅलरीत सतरंजीवर पुरुष. सतरंजीवर मधोमध कुशाबा. कुडपणहून मालोजीबरोबर आलेला, दाढी केलेला, तोच पांढरा शर्ट. आणि गळ्यात पट्टी. केंद्रातून नेलेलीच, धुऊन स्वच्छ केलेली. अक्षयच्या नातेवाइकांना, मुंबईहून आलेल्या सुनीलला, चाळीतल्या शेजाऱ्यांना तो आपल्या दुखण्याची हकिगत सांगत होता. "टोटल डेड. लाखात एकाला होतो असा. डॉक्टर लोकांनी हात टेकले." माणसं हळहळत होती. कुणीतरी त्याच्या पाठीमागं उशी सरकवली. उशी बरोबर हवी तिथं बसेपर्यंत तो सांगत राहिला, "जरा खाली. जरा डावीकडं."

मला पाहून तो थोडा दबकला, पण पट्टी काढली नाही.

आत पाळणा झाला. बायकांनी आधी वरवंटा पाळण्याखालून फिरवला, मग पोरीला या हातातून त्या हातात दिलं, बाळाच्या आत्यानं कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीत धपाटे पडले. मग साळूबाई बाळाला दुपट्यात गुंडाळून बाहेर घेऊन आली, थोरामोठ्यांच्या मांडीवर द्यायला. आधी अक्षयच्या चुलत्यांच्या मांडीवर दिलं, मग मालोजीच्या. मालोजीपलीकडे कुशाबा.

कुशाबानं पोरीकडे पाहिलं. तिचं नाक थेट त्याचं होतं, बिचारीचं नशीब. त्याचा चेहरा बदलला. तेवढ्यापुरता तो खरा होता, हे मी कबूल करते. मघाची ऐट गेली आणि उजवा हात पट्टीतून अर्धा बाहेर आला.

"दे, दे माझ्याकडं," तो म्हणाला.

साळूबाई त्याच्यासमोर उभी होती. बाळ तिच्या छातीशी.

"नको," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "हात मेलाय ना तुमचा. पोर पडंल."

आताच दुखण्याची हकिगत ऐकलेली माणसं ती, त्यांना बाईचं म्हणणं अगदी रास्त वाटलं. "खरं हाय, कशाला जोखीम," कुणीतरी म्हणालं. सुनील म्हणाला, "राहू दे बाबा, नुसतं बघा." कुशाबा सगळ्यांकडे बघत होता. पट्टी काढावी तर इतक्या दिवसांचं सगळं खोटं, पट्टी ठेवावी तर नात नाही. मग त्याच्या नजरेला मी सापडले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो माझ्याशी अजिजीनं बोलला.

"मॅडम, तुमी सांगा ना यांना. तुमाला ठावं हाय. चालतो... थोडा थोडा चालतो माझा हात."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात घुगऱ्यांची वाटी होती.

"मला काय कळतंय," मी म्हणाले. "मी मालिशवाली."

मला वाईट वाटलं नाही. नंतर अमितामॅडम म्हणाल्या, थोडं वाटायला हवं होतं. असेल.

साळूबाईनं बाळ पुढं अक्षयच्या मांडीवर नेऊन दिलं. मग घुगऱ्यांचं ताट घेऊन ती परत आली आणि एकेक वाटी सगळ्यांपुढं ठेवत गेली. कुशाबापुढंही ठेवली आणि पुढं सरकली. थांबली नाही, वाकली नाही, घास उचलला नाही. कुशाबा वाटीकडे बघत बसला. बाकीचे खात होते, बोलत होते, कोणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. उजवा हात पट्टीत होता, सगळ्यांच्या देखत पट्टीत होता.

शेवटी त्यानं डाव्या हातानं घुगऱ्या खाल्ल्या.